फिनिश मोअरची साफसफाई: पाणी मारायचं की खरवडायचं?

हिरवळवाला (धागाकर्ता)

मंडळी, तुळशीचं लग्न लागलं की लॉन्सवाल्यांचे फोन सुरू होणार, त्याआधी मोअर (ट्रॅक्टरमागे जोडायचं लॉन कापायचं यंत्र) पूर्ण उघडायचाच आहे म्हणून म्हटलं धागा काढावा, कारण मराठीत यावर धड काही सापडत नाही आणि जे इंग्रजीत आहे ते तिकडच्या थंडी-बर्फाला धरून लिहिलेलं.

आमचं काम वाघोली, मांजरी, मुंढवा, कधीमधी सिंहगड रोड, म्हणजे लग्नाची लॉन्स आणि थोडी फार्महाऊस. मिनी ट्रॅक्टर २४ एचपीचा, मागे पाच फुटी मोअर, तीन ब्लेडचा. पीटीओवरून (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट) गिअरबॉक्स, गिअरबॉक्सवरून एक लांब पट्टा, तो तिन्ही स्पिंडल, म्हणजे ब्लेड ज्यावर बसतं ते दांडे, फिरवतो, चार कोपऱ्यांना चार चाकं. बस एवढीच मशीन आहे, पण हाल करायला ही पण पुरते.

डेकच्या, म्हणजे ब्लेडवरच्या पत्र्याच्या खोक्याच्या, आतून पावसाळाभर ओलं गवत, त्याचा रस, माती आणि वर फेकलेला युरिया असं मिळून शेणाने सारवल्यासारखा थर बसतो. तो नुसता घाण दिसतो म्हणून काढायचा नसतो. ब्लेडच्या टोकाला जो वर वळलेला पंख असतो तो फिरताना हवा वर ओढतो, त्या हवेने गवत उभं राहतं आणि मग कापलं जातं. आत थर साचला की हवेला फिरायला जागाच नाही, मग गवत आडवं झोपून राहतं आणि मागे गोळे पडतात आणि मालक म्हणतो ब्लेडला धार नाही. धार असते हो, जागा नसते. वर तो थर ओलावा धरून बसतो, खताचा अंश त्यात, पत्रा आतून खाल्ला जातो आणि बाहेरून रंग चकाचक.

आता लोक करतात काय, तर काम झालं की ट्रॅक्टर तसाच वॉशिंग सेंटरला. तो पोरगा बाइकला मारतो तसा प्रेशर पंप डेकच्या वर, खाली, स्पिंडलवर, पट्ट्यावर सगळीकडे मारतो, मशीन नवी दिसते, आणि पुढच्या महिन्यात बेअरिंग ओरडायला लागतं. माझं म्हणणं सरळ आहे, मोअर गवत कापून खराब होत नाही, धुण्याने होतो. माझ्या ओळखीत जेवढे स्पिंडल गेलेत त्यातले बहुतेक एक तर पाण्याने गेलेत नाहीतर मांडवाच्या सुतळीने. सुतळीचं खाली कुणी विचारलं तर सांगतो.

मी काय करतो, कापून झालं की जागेवरच, थर मऊ आहे तोवर, ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, मोअर वर उचलून खाली लाकडाचे ठोकळे, आणि रंगाऱ्याच्या पुट्टीपट्टीने आतून खरवडायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की तेच काम छिन्नी मागतं. वरची बाजू, म्हणजे पट्ट्याची झाकणं काढून, ब्लोअरने उडवायची. पाणी नाही. तुम्ही लोक कसं करता ते लिहा, विरोधी मत असेल तर जास्त चांगलं.

---

मुळशीकर

चांगला धागा. एक बेसिक प्रश्न, आमच्याकडे शेतावर स्लॅशर आहे, तोच लॉनवर फिरवला तर काय होतं? वेगळा मोअर घ्यायचा खर्च कशाला.

---

हिरवळवाला

स्लॅशर झुडपासाठी दादा. त्याची पाती जाड आणि सैल लटकणारी असतात, दगड लागला तर मागे झुकतात, गवत ओरबाडून तोडतात. फिनिश मोअरची पाती पातळ, धारेची, स्पिंडलला पक्की बसलेली आणि वेग बराच जास्त, म्हणून कट सपाट येतो. स्लॅशर लॉनवर फिरवला तर दोन दिवसांनी सगळी टोकं पिवळी पडतात. आणि उलट पण करू नका, मोअर घेऊन गुडघाभर रानात शिरू नका, पट्टा जळतो.

---

सदाशिव_तिरकस

लग्नाला आलेले लोक हिरवळीचा कट बघतात असा ज्यांचा समज आहे त्यांनी एकदा जेवणाच्या रांगेतले चेहरे बघावेत. बाकी धागा उपयुक्त आहे, चालू द्या.

---

नटबोल्ट_भोसरी

पाण्याबद्दल धागाकर्त्याशी सहमत, फक्त कारण नीट सांगतो कारण लोक म्हणतात "अहो सीलबंद बेअरिंग असतं, पाणी कसं जाईल". जातं. काम करून आलेला स्पिंडल गरम असतो, आतली हवा फुगलेली असते. त्यावर एकदम गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून बाहेरचं पाणी आत ओढून घेते. प्रेशर नसलं तरी होतं, प्रेशर असेल तर मग बोलायलाच नको. म्हणून धुवायचंच असेल तर आधी पूर्ण गार होऊ द्या, हाताला गरम लागता कामा नये.

बेअरिंग बदलायची वेळ आलीच तर साइज त्याच्या कडेवर कोरलेली असते, ६२०५, ६२०६ वगैरे. ६२०५ म्हणजे आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. नंबरच्या पुढची अक्षरं पण बघा, टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं. मोअरला पत्र्याची टाकू नका, धूळ आणि रस दोन्ही आत जातं. आता यातली गंमत, ज्या स्पिंडलला ग्रीसचा निप्पल (गनने ग्रीस भरायचं तोंड) आहे त्यात दोन्ही बाजूंनी सील असलेलं बेअरिंग टाकलं तर तुम्ही वरून कितीही गन मारा, ग्रीस मधल्या पोकळीत बसून राहतं, गोळ्यांपर्यंत पोचतच नाही. तिथे आतल्या बाजूचं सील सुईने अलगद उचकटून काढायचं, बाहेरचं ठेवायचं. आणि ठोकताना, घरात, म्हणजे हाउसिंगमधे, बसवायचं तर बाहेरच्या रिंगवर ठोकायचं, शाफ्टवर चढवायचं तर आतल्या रिंगवर. मधून ठोकलं तर नवीन बेअरिंग बसवतानाच मेलेलं असतं.

डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे. चिंचवडला एसकेएफचा कारखाना असून पुण्यातच नकली बेअरिंग विकलं जातं म्हणजे बघा. वीसतीस टक्के स्वस्त मिळालं की समजून जायचं.

---

उरुळीची_नर्सरी

तुमचं बरोबर असंल पण तुम्ही सगळे मुरमाच्या जागेवर काम करताय. आमच्याकडं उरुळी कांचन, लोणीच्या बाजूला काळी माती. आम्ही लॉनच विकतो, पट्ट्या काढून. पावसाळ्यात कापायला गेलं की चाकाला, डेकला, झाकणावर काळा चिखल नुसता चिकटून बसतो, खरवडून निघत नाय, खरवडणीलाच चिकटतो. वाळल्यावर दगड. पाणी मारल्याशिवाय इलाज नाय. शेडमधे बसून सुकी सफाई सांगणं सोपंय.

---

हिरवळवाला

भाऊ मान्य, काळी माती वेगळी भानगड आहे. पण मग कसं धुता ते सांगा, मला खरंच ऐकायचंय.

---

उरुळीची_नर्सरी

विहिरीच्या मोटरीचा साधा पाइप, नोझल न लावता. मोअर ठोकळ्यावर, पाणी खालनं वर, डेकच्या आतल्या अंगाला फक्त. वरच्या अंगाला, पुल्या हायत तिकडं, पाणी दाखवत नाय. चाकांवर बिनधास्त. धुऊन झालं की खाली उतरवायचं आणि पीटीओ लावून पाचेक मिन्ट मोकळं फिरवायचं, त्यानं ब्लेडवरचं, स्पिंडलखालचं पाणी फेकलं जातं, पट्टा पण सुकतो. मग लगेच ग्रीस. ग्रीस मारल्यावर निप्पलच्या खालनं जुनं ग्रीस दुधाळ निघालं तर समजायचं पाणी गेलंय, मग पिवळं निघंपर्यंत मारायचं.

---

नटबोल्ट_भोसरी

उरुळीवाले भाऊंची पद्धत शंभर टक्के बरोबर आहे. प्रश्न पाण्याचा नाही, प्रेशरचा आणि जागेचा आहे. फक्त मोकळं फिरवताना मागे, बाजूला कुणी उभं नको. एक साधा हिशोब सांगतो. ५० सेमी लांबीचं ब्लेड मिनिटाला २५०० फेऱ्या मारत असेल तर त्याच्या टोकाचा वेग येतो ताशी २३५ किलोमीटर. त्याला चिकटलेला ओला गोळा किंवा खडा किती वेगाने बाहेर येईल बघा. मागचा रबरी पडदा फाटला असेल तर आधी तो बदला.

आणि ज्यांना निप्पलमधून ग्रीस मारायचा नाद आहे त्यांनी दुसरं टोक पण गाठू नका. एकदोन पंप पुरे. सील बाहेर ढकललं जाईपर्यंत मारलं तर तुम्हीच पाण्याला दार उघडून दिलंत.

---

तळ्याकाठी

नमस्कार, पानशेतच्या अलीकडे आमचं छोटं फार्महाऊस आहे, मोअर आणि ट्रॅक्टर आमचाच, चालवतात गावातले काका. मी आठवड्यातून एकदाच जाते, मशीन नीट ठेवली जाते की नाही हे मला कसं कळणार? काकांना थेट विचारलं की म्हणतात "ताई सगळं टकाटक आहे". मला मेकॅनिकल काही कळत नाही हे गृहीत धरून सांगा.

---

हिरवळवाला

ताई, काकांना न विचारता बघायच्या गोष्टी सांगतो.

एक, लॉनमध्येच बसा आणि कापलेलं पान बोटात धरून बघा. कड सरळ असेल तर धार ठीक. टोकाला पांढरे धागे लोंबत असतील तर ब्लेड बोथट आहे, पान कापलं नाही, फाडलंय. दुसरं, मशीन बंद असताना, चावी तुमच्या हातात असताना, जाड हातमोजे घालून प्रत्येक ब्लेड टोकाला धरून वरखाली हलवा. स्पिंडलसकट डुगडुगलं तर बेअरिंग संपलंय. मग हाताने फिरवा, गुळगुळीत फिरलं पाहिजे, खरखर आली तर तेच. तिसरं, मोअर उभा कुठं आहे ते बघा. ट्रॅक्टरच्या लिफ्टवर हवेत लटकत ठेवला असेल तर काकांना प्रेमाने सांगा की खाली उतरवून ठेवा. लिफ्ट हळूहळू खाली येते, त्याखाली पोरं, कुत्री, कुणीही असतं.

आणि गिअरबॉक्सच्या खाली जमिनीवर तेलाचा डाग आहे का एवढं बघा. बाकी काकांवर विश्वास ठेवा.

---

सदाशिव_तिरकस

पुण्यात "सगळं टकाटक आहे" याचा अर्थ "अजून बंद पडलेलं नाही" असा घ्यावा.

---

मुळशीकर

तेलाच्या डागावरून आठवलं, गिअरबॉक्समधे कुठलं ऑइल? आणि सील बदलूनही गळतं ते का?

---

नटबोल्ट_भोसरी

नव्वद नंबर, ईपी लिहिलेलं. कंपनीच्या पुस्तकात जे असेल ते आधी बघा, पण बहुतेकांना ईपी ९० किंवा ८०डब्ल्यू-९० चालतं. नव्या मशीनचं पहिलं ऑइल लवकर काढायचं, साधारण पन्नास तासांत, कारण नवे दाते एकमेकांना घासून बसताना बारीक लोखंड सोडतात. नंतर वर्षातून एकदा पुरे. काढलेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी, चमचमत असेल तर दाते किंवा बेअरिंग. आणि भरताना लेव्हलच्या बोल्टपर्यंतच. वरपर्यंत भरलं की गरम झाल्यावर फुगून सीलमधून येणारच.

सील बदलूनही गळत असेल तर बहुतेक वेळा ब्रीदर तुंबलेला असतो. वर एक छोटा भोकाचा बोल्ट असतो, त्यात गवताचा भुगा आणि ग्रीस बसतं, आतली गरम हवा बाहेर पडायला वाट नाही, मग ती सील ढकलते. डिझेलमधे बुडवून साफ करा, फुकटचा इलाज आहे. एका सर्व्हिसिंगवाल्याने माझ्या गिऱ्हाइकाला यावर पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितला होता, नाव नको.

---

जुना_फोरमन

मी थोडं उशिरा आलो. एवढे प्रतिसाद वाचले, ब्लेडची धार आणि बॅलन्स यावर कुणीच लिहिलं नाही आणि सुतळीचं पण राहिलंय.

---

हिरवळवाला

काका, सुतळीचं मी लिहितो, धारेचं तुम्ही लिहा.

लॉन्सवर लग्न झालं की मांडववाले मंडप सोडतात. सुतळी, नायलॉनची दोरी, झेंडूच्या माळांचे दोरे, पडदे बांधायची बाइंडिंग तार, खिळे, लोखंडी खुंट्या, सगळं गवतात. मोठं वेचलं जातं, दोरे राहतात. मोअर फिरला की दोरा ब्लेडला नाही, ब्लेडच्या वर स्पिंडल जिथे डेकच्या बाहेर येतो त्या फटीत गुंडाळला जातो. ब्लेड खालून बघितलं तरी दिसत नाही. फेरी फेरी करत तो घट्ट होतो, वितळतो, कडक रिंग होते आणि सीलचा ओठ कापतो. मग तिथून रस, धूळ, पाणी सगळं आत. ब्लेड काढल्याशिवाय कळतच नाही. मी एका स्पिंडलवरून मोगऱ्याच्या गजऱ्याचा दोरा, मासेमारीची तंगूस, आणि बारीक तार अशी तीन थरांची रिंग कटरने कापून काढली आहे, बेअरिंगचं सील बाहेर आलेलं.

म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कापायला जाऊ नका, आधी दोन बायका लावून लॉन वेचून घ्या. काही ठिकाणी आम्ही लोहचुंबकाची दांडी ट्रॅक्टरमागे आधी फिरवतो, खिळे आणि तारेला चांगली, दोऱ्याला अर्थातच काही उपयोग नाही. अक्षतांचं मात्र काही करू नका, चिमण्या बघतात.

---

जुना_फोरमन

आता धार. मी एमआयडीसीत मशीन शॉपला होतो, रिटायर होऊन बराच काळ झाला, पण लोखंड तेच आहे.

ब्लेड काढताना आधी बोल्टचे आटे बघा. काही मॉडेलला उलटे आटे असतात, तुम्ही पान्यावर लटकून घट्ट करत बसाल. ब्लेड आणि डेकच्या मधे लाकूड अडकवा, हाताने धरायचं नाही, पायाने तर नाहीच. जुनी धार जो कोन दाखवते तोच ठेवा, साधारण ३० अंश. वरच्या बाजूनेच घासा, खालच्या सपाट बाजूला हात लावू नका. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावा, जाड कटिंगची नको. आणि हळू. पात्याची कड निळी झाली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेलं, ती जागा मऊ होते आणि पुढच्याच कापणीत बोथट. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, परत. वस्तऱ्याची धार लावू नका, तेवढी पातळ कड पहिल्या खड्याला दुमडते.

मग बॅलन्स. भिंतीत आडवा खिळा, त्यावर मधलं भोक अडकवायचं. एक बाजू खाली गेली तर ती जड, तिच्या धारेकडून अजून घासा. भोक मोठं असेल तर कोनचा बॅलन्सर मिळतो तो घ्या. लोक म्हणतात दोनचार ग्रॅमने काय होतंय. एवढ्या वेगाने फिरताना ते दोनचार ग्रॅम बेअरिंगला प्रत्येक फेरीत हातोडी मारतात, आणि मग तुम्ही इथे येऊन पाण्याला शिव्या देता.

पंखाची जाडी पण तपासा. वाळूच्या, मुरमाच्या जागेवर कापलं की पंख आणि सपाट भाग जिथे मिळतात तिथे पातं आतून झिजून चिरतं. तिथे चीर किंवा खाच दिसली की पातं भंगारात, वेल्डिंग करायचं नाही. वेल्ड केलेला तुकडा उडाला तर रबरी पडदा त्याला अडवत नाही.

बसवताना पंख वर, डेककडे. हसू नका, उलटं बसवून "मशीन कापतच नाही" म्हणणारे पाहिलेत.

---

नटबोल्ट_भोसरी

फोरमन काकांना सलाम. "पाण्याला शिव्या देता" हे हिरवळवाल्यांसाठी होतं 😄

---

हिरवळवाला

कळलं कळलं. पण मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, बॅलन्स मी बघतोच.

---

मुळशीकर

डेकच्या आतून जळकं ऑइल मारलं तर गवत चिकटत नाही असं आमच्याकडे सगळे करतात. चालतं का?

---

उरुळीची_नर्सरी

अजिबात नाय. आमच्या पट्ट्यांवर थेंब पडला की तिथं पिवळा गोल पडतो, गिऱ्हाईक पट्टी परत करतं. आणि धूळ त्यावर जास्त बसती.

---

नटबोल्ट_भोसरी

वर मोअरच्या पट्ट्यावर उडालं तर रबर फुगतं आणि पट्टा घसरतो, ते वेगळंच. डेकचा पत्रा उघडा पडलाच असेल तर वायर ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइड, त्यावर चासिस ब्लॅकचे दोन हात, प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. सिलिकॉन स्प्रे मारतात काही लोक, दोनतीन कापण्या टिकतो, हौस असेल तर मारा. मला विचाराल तर गुळगुळीत रंग हाच खरा इलाज, खडबडीत गंजाला गवत धरतं, रंगाला तेवढं धरत नाही.

---

तळ्याकाठी

एक वेगळा प्रश्न, आमच्या लॉनमध्ये या वर्षी गाजर गवत आलंय, आधी कधीच नव्हतं. काका मोअर शेजारच्या प्लॉटवर पण फिरवून आले होते. त्याचा काही संबंध?

---

हिरवळवाला

ताई असू शकतो. गाजर गवताचं बी बारीक आणि एका झाडाला हजारोंनी. फुलावर आलेलं कापलं की डेकच्या थरात, झाकणावर, चाकांच्या कप्प्यात बसतं आणि पुढच्या लॉनवर उतरतं. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच आपल्या पुण्यात, १९५५ च्या सुमारास, म्हणजे त्याचा मान आपलाच. म्हणून एका जागेवरून दुसरीकडे जाताना खरवडणं आणि ब्लोअर मारणं हे मशीनसाठी कमी आणि लॉनसाठी जास्त. मेक्सिकन जातीचं लॉन असलेल्यांनी तर हरळीच्या जागेवरून आलेला मोअर साफ केल्याशिवाय गेटातून आत घेऊच नये, हरळीचा कांडीचा तुकडा पडला की मूळ धरतो आणि मग ती निघत नाही.

लव्हाळ्याचा दोष मात्र मोअरला देऊ नका, तो जमिनीतल्या गाठींनी पसरतो, मातीच्या गाडीबरोबर येतो. आणि गाजर गवत उपटताना हातमोजे घाला, बऱ्याच जणांना अंगावर खाज उठते.

---

सायकलवरून_ट्रॅक्टरवर

नवीन आहे, मोशीच्या किसान प्रदर्शनात बघून मोअर घेतला. माझा प्रॉब्लेम, पट्टा सारखा जळतोय आणि कट एका बाजूला खोल येतो. सफाईचा धागा आहे माहितीय पण विचारतो.

---

नटबोल्ट_भोसरी

विचारा हो, दोन्हीचं उत्तर सफाईतच आहे बऱ्यापैकी. झाकणं काढा. पुलीच्या खाचेत गवताचा भुगा दाबून बसलेला असतो, त्यामुळे पट्टा खाचेच्या बाजूंना धरायच्या ऐवजी वरवर चढून चालतो, घसरतो, जळतो. खाच काडीने साफ करा. आयडलर पुलीचा (पट्टा ताणून धरणारी पुली) हात स्प्रिंगवर मोकळा हलतोय का बघा, गवत आणि जुनं ग्रीस मिळून तो जाम होतो, मग ताण राहत नाही. आयडलर हाताने फिरवून ऐका. पट्ट्यावर ते चिकट बेल्ट ड्रेसिंग मारू नका.

पट्टा घेताना वरचा नंबर घेऊन जा. बी म्हणजे वरची रुंदी साधारण १७ मिमी, ए म्हणजे १३, पुढचा आकडा आतली लांबी इंचात. आणि दुकानदार "तोच आहे साहेब" म्हणून पिठाच्या गिरणीचा साधा पट्टा देतो, लांबी जुळते पण आयडलर पाठीवरून दाबतो ते त्याला सोसत नाही. मोअरसाठी आत अरामिड दोऱ्याचा येतो तो महाग पडतो पण टिकतो.

---

जुना_फोरमन

एका बाजूला खोल म्हणजे आधी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही टायरची हवा मोजा. मग मोअरच्या चारही चाकांचे स्पेसर (उंची ठरवणाऱ्या रिंगा) सारखे आहेत का. मग लिंकेजचा, म्हणजे मोअर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या हातांपैकी, उजवा हात फिरवून डेक आडवा सरळ करा. पुढेमागे बघताना ब्लेडचं पुढचं टोक मागच्यापेक्षा पाव ते अर्धा इंच खाली ठेवतात, पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तक. टॉप लिंक (वरचा मधला जोडदांडा) ताणून ठेवू नका, तिला खेळायला जागा हवी, नाहीतर उंचवट्यावर मागची चाकं उचलली जातात आणि पुढचं टोक लॉन खरवडतं. हे सगळं सपाट कोब्यावर करायचं, लॉनवर उभं राहून नाही.

आणि पीटीओ शाफ्टचं कुणीच लिहिलं नाही म्हणून, क्रॉसचे (शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांचे) निप्पल रोज, म्हणजे आठ तास कामाला एकदा. सरकणाऱ्या नळ्या खेचून, जुनं ग्रीस पुसून, नवीन लावा, तिथे माती बसली की शाफ्ट सरकत नाही आणि मोअर उचलताना सगळा जोर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. परत जोडताना दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत. चुकवलं तर शाफ्ट थरथरतो आणि लोक ब्लेडला दोष देतात. प्लास्टिकचं कव्हर काढून फेकू नका, त्याची साखळी लावा. उपरणं, ओढणी, सैल शर्ट, काहीही त्या शाफ्टजवळ नको.

---

सायकलवरून_ट्रॅक्टरवर

धन्यवाद काका. झाकण काढलं, पट्ट्याखाली उंदराचं घरटं निघालं, गवत आणि कापूस मिळून, पुलीच्या बाजूलाच. आयडलर जाम होताच. टायरच्या हवेत पण फरक होता.

---

सदाशिव_तिरकस

उंदरांचं भाडं थकलं होतं का?

---

उरुळीची_नर्सरी

शेडमधे ठेवताना झाकणं काढूनच ठेवत जा भाऊ. उजेड अन् हवा लागली की उंदीर बसत नाय. अन् सुकं गवत गिअरबॉक्सवर ठेवून काम करू नका, तापतं ते.

---

मुळशीकर

सगळ्यांना धन्यवाद. बेअरिंग, पट्टा, फ्लॅप डिस्क एकाच फेरीत घ्यायचं तर कुठे? भोसरीला जाणं जमत नाही.

---

हिरवळवाला

फ्लॅप डिस्क, ब्रश, ग्रीस गन, बोल्ट हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत. बेअरिंग, पट्टा, ऑइल सीलसाठी नाना पेठ, स्पेअर पार्टची दुकानं तिथेच आहेत. जुना पट्टा आणि जुनं सील पिशवीत घालून न्या, मोबाइलमधला फोटो दाखवून काही उपयोग होत नाही. रविवारी जाऊ नका, आणि गाडी लांब लावून चालत जा.

---

नटबोल्ट_भोसरी

जुनं बेअरिंग पण न्या. आणि दुकानात नवीन बेअरिंग हातात घेऊन फिरवून बघताना त्याचं प्लास्टिक फोडायला लावू नका, तो विकत नाही मग.